टाकीला वाढलेलं पान

आमच्या सोसायटीतल्या माणसांना एकत्र बसवायचं असेल तर सभा बोलावून काही उपयोग नाही, हे माझ्या नवऱ्याला फार उशिरा कळलं. सभेला सात जण यायचे, त्यातले तिघे भांडायला. दोन वर्षं तो त्या सात जणांपुढे उभा राहून बायोगॅसच्या टाकीबद्दल बोलला. "ओला कचरा डिझेल जाळून बाहेर जातो आणि सिलिंडर डिझेल जाळून आत येतो. मधल्यामध्ये आपण काय करतो? पैसे भरतो." हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते मला झोपेतही म्हणता आलं असतं. भांडणारे तिघे म्हणायचे, वास येईल. बाकीचे चहाची वाट बघायचे.

कोपर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची चार मजली इमारत आहे. पुढे थोडं पार्किंग, मागे कंपाउंडची भिंत आणि त्या दोन्हींमध्ये, गेटच्या बाजूने, कोणाच्याच कामाची नसलेली एक पट्टी. पुढे महापालिका ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून मागे लागली तेव्हा सभेतल्या लोकांना एकदम त्याची आठवण झाली, आणि त्या पट्टीवर टाकी बसली. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला; हाताला काम नव्हतंच. टाकीचं चित्र त्यानेच काढलं. खाली गोल टाकी आणि तिच्यावर पालथं घातलेलं काळं पिंप. आत गॅस साठला की पिंप वर येतं, वापरला की खाली बसतं. सुरुवातीचं शेण कल्याणच्या एका तबेल्यातून आलं, आणि ते आलं त्या दिवशी वासाबद्दल बोलणारे तिघे बरोबर होते.

खरी अडचण पुढे होती. टाकीला बारीक चिरलेलं लागतं. अख्खी फ्लॉवरची पानं आणि कलिंगडाच्या साली तिच्या घशाखाली उतरत नाहीत. आणि आपला कचरा चिरून देण्याइतका उत्साह आमच्या इमारतीत कोणालाही नव्हता. तेव्हा नवऱ्याने एक युक्ती केली. कल्याणच्या पलीकडच्या एका गावाहून एक बाई दर रविवारी पालेभाजीची गाठोडी घेऊन यायची आणि कोपऱ्यावर बसायची. त्याने तिला सांगितलं, आत या. पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या आणि सगळ्यांना कळवलं की रविवारी सकाळी ताजी मेथी, शेपू, लाल माठ, चवळी खाली मिळेल, आणि तिथेच बसून निवडता येईल. देठं आणि मुळं तिथेच चिरून टाकीत जातील. चहा टाकीच्या गॅसवर होईल.

सभेला न येणारी माणसं भाजी निवडायला आली. आधी बायका आल्या, मग त्यांना न्यायला आलेले नवरे तिथेच बसले. आमचे सेक्रेटरी, आयुष्यभर बँकेत काढलेले, मेथी निवडताना पानांपेक्षा काड्याच जास्त ठेवायचे. त्यांची बायको म्हणायची, "यांनी निवडलेली जुडी सरळ टाकीतच टाका." ते हसायचे आणि पुढची जुडी ओढायचे. हात कामात असले की माणूस बरं बोलतो. ठाण्यात नौपाड्यातल्या डॉक्टरकडे कोणाला जायचंय, त्या बाजूला गाडी कोणाची चाललीय, कोणाची आई पडली, कोणाकडे चाकाची खुर्ची माळ्यावर पडून आहे, हे सगळं त्या सतरंजीवर कळायचं. दोन घरांनी मिळून एकच गाडी ठेवली, दुसरी विकली, तो निर्णयसुद्धा शेपू निवडतानाच झाला. नवरा मात्र बोलायचा नाही. तो पिंप किती वर आलंय ते बघत बसायचा.

गॅस सगळ्या घरांना पुरण्यासारखा नव्हताच. एका घराला छान पुरायचा. त्यामुळे नळी गेटजवळच्या खोलीत नेली. तिथे आमचा वॉचमन, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं राहतात. ठरलं असं की टाकीला रोज एक बादली कचरा आणि एक बादली पाणी तिने घालायचं, ढवळायचं, आणि गॅस तिचा. त्याआधी ती लहान सिलिंडरवर स्वयंपाक करायची, आणि तो संपला की पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नसायचा. टाकीच्या भरवशावर तिने रात्रीचे डबे सुरू केले. स्टेशनजवळ भाड्याने राहणारी, ठाण्या-मुंबईत नोकरी करणारी आठ मुलं संध्याकाळी परतताना तिच्या दाराशी थांबून डबा घेऊन जायची. तिच्या हाताला चव आहे. कुडाळकडची आहे ती. इमारतीत तिला सगळे 'वहिनी' म्हणतात. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, सगळ्यांना 'अगं' आणि 'अरे' म्हणायची सवय. मी तिला 'अगं'च म्हणत आले. ती मला 'बाई' म्हणते.

नवरा गेला. त्यानंतर टाकीची देखरेख आपोआप माझ्याकडे आली. तो नुसतं बघायचा, मी बोलायचे. टाकी म्हणजे पोट, तिला पचेल तेवढंच घाला, लिंबाच्या साली नकोत, तेलकट नको, एकदम जास्त नको, हे मी दर रविवारी सांगायचे. लोक मान डोलवायचे. मला वाटतं, मुलं वर्गात डोलवायची तशीच.

त्याचं वर्षश्राद्ध रविवारी आलं. मी पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायला घेतला. मदतीला एक स्वयंपाकाच्या बाई बोलावल्या होत्या. खीर, भाजणीचे वडे, कढी, अळूची भाजी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. वडे त्याला फार आवडायचे, म्हणून ते जरा जास्तच. आणि सकाळी नऊपासून फोन सुरू झाले. रेल्वेचा मेगाब्लॉक होता. ठाण्याची नणंद, मुलुंडचा दीर, भाचे, पुतणे, एकेक करून सगळ्यांनी कळवलं की निघणं कठीण दिसतंय. दीर म्हणाला, "वहिनी, आम्ही इथूनच नमस्कार करतो." मी म्हटलं, "करा." गुरुजी धरून दहा माणसं जेवली.

दुपारी घर रिकामं झालं. ओट्यावर पातेली तशीच भरलेली. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं होतं, गायीचं पान देवळाजवळ पाठवलं होतं. उरलेलं कुठे ठेवणार? फ्रिज भरला. श्राद्धाचं अन्न शेजारी देत नाहीत, दिलं तरी लोक घ्यायला कचरतात, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आणि फेकायचं म्हटलं तर हात धजेना. त्याच्या नावाने केलेलं अन्न मी कचऱ्याच्या डब्यात टाकणार?

तेव्हा मला टाकी सुचली. आणि इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. त्याच्या नावाचं अन्न त्याच्याच टाकीत जाईल, त्याचा जाळ होईल, त्यावर कोणाचा तरी स्वयंपाक होईल. यापेक्षा चांगलं काय असणार? साडेतीनला सगळी इमारत झोपलेली असते. मी मोठं पातेलं उचलून खाली गेले, टाकीच्या तोंडाचं झाकण काढलं आणि खीर ओतली. परत वर गेले, वडे आणि कढी आणली. परत गेले, भाज्या आणल्या. एक बादलीचा नियम करणाऱ्या बाईने तीन पातेली घातली. माझ्यातली शिक्षिका त्या वेळी जेवून झोपली होती. वडे घालताना तर मी वाकून "घे" असं म्हटलंसुद्धा. जेवताना त्याला मी कधी आग्रह केला नाही. वजन वाढतं म्हणून ओरडतच असायचे. त्या दिवशी मात्र वाढत राहिले. डोळे भरले होते माझे. मोठं पातेलं तिथेच नळापाशी विसरून वर आले आणि वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपले.

संध्याकाळी दार उघडलं तर पातेलं घासूनपुसून दाराशी ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप इतकं वर आलेलं की सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. "आजवरचा उच्चांक," असं खाली लिहिलं. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी वॉचमनची बायको वर आली. "बाई, गॅस पेटत नाही." मी म्हटलं, "पिंप तर भरलंय." ती म्हणाली, "भरलंय, पण पेटत नाही." मी खाली जाऊन तीन काड्या ओढल्या. नळीतून वारा येत होता आणि काडी विझत होती. मला लगेच कळलं. आत जळणारा वायू नव्हताच. एकदम एवढं पडल्यावर टाकी आंबली होती, आणि आंबलेल्या टाकीतून येतो तो वायू काडी विझवायच्याच कामाचा. तिसऱ्या दिवशी आंबलेल्या ताकासारखा वास सगळ्या पार्किंगमध्ये पसरला. वॉचमनची बायको टाकीपाशी माझ्याकडे बघत उभी होती. मी म्हटलं, "कोणीतरी काहीतरी भलतंच घातलंय." तिने टाकीचं झाकण नीट बसवलं.

पुढच्या रविवारी सतरंजीवर मी वर्ग घेतला. टाकी कशी आंबते, आतले गॅस करणारे जंतू कसे मरतात, ते परत जगवायला किती दिवस लागतात. सगळं शास्त्रशुद्ध. आणि बोलता बोलता म्हणाले, "काही घरांत शनिवारी पार्ट्या होतात. उरलेली बिर्याणी कुठे जाते, ते ज्याचं त्याने बघावं." दुसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलंय. दोघंही नोकरी करतात, आणि रविवारी झोप मोडून खाली यायची. त्यांच्याकडे त्या शनिवारी मित्र आले होते. ती मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही काही नाही टाकलं."

"मी नाव घेतलंय का कोणाचं?" मी म्हटलं.

शाळेत ही युक्ती कधी चुकली नव्हती. इथेही चुकली नाही. त्या मुलीने हातातली निवडलेली चवळी सतरंजीवर ठेवली, दोघं उठली आणि नंतरचे रविवार आलीच नाहीत.

वॉचमनच्या बायकोचं काय करायचं हा प्रश्न मात्र सगळ्यांनी मनावर घेतला. रोजचे आठ डबे होते, आणि आठवडाभर जरी बंद पडले तरी ती मुलं दुसरीकडे लावणार, हे उघड होतं. एकदा सुटलेला डबा परत येत नाही. लहान सिलिंडर तिने विकून टाकला होता. म्हणून वाटणी झाली. तीन घरांनी पोळ्या घेतल्या, भात सेक्रेटरींकडे, भाजी चिरायची तिने आणि शिजवायची समोरच्या घरातल्या शेगडीवर. वरण मी घेतलं. नवऱ्याची जुनी सूर्यचूल माळ्यावर होती, काचेचं झाकण आणि आरसा असलेली पेटी. ऑक्टोबरचं ऊन कडक. सकाळी गच्चीवर डाळ ठेवली की दुपारी मऊ शिजलेली मिळायची. डबा गोधडीत गुंडाळून ठेवला की संध्याकाळपर्यंत गरम. मी रोज दोनदा गच्चीवर जाऊन पेटी उन्हाकडे फिरवायचे. मनात म्हणायचे, निदान हे तरी मी करतेय. आणि लगेच मनातूनच उत्तर यायचं की बाई, हे तू का करतेयस ते तुला चांगलं माहीत आहे.

सेक्रेटरी स्कूटरवरून कल्याणच्या तबेल्यातून ताजं शेण घेऊन यायचे. "बँकेत असताना लोक मला बघून उभे राहायचे," ते म्हणायचे, "आता सिग्नलला लोक माझ्यापासून लांब उभे राहतात." आंबटपणा मोडायला मी चुन्याची निवळी करून टाकीत घालायचे, रोज थोडी. खाणं पूर्ण बंद. आजारी माणसाची करावी तशी ती सगळी शुश्रूषा चालली होती. वॉचमनची बायको ढवळायला यायची. आम्ही दोघी त्या पट्टीवर शेजारी उभ्या राहायचो, ती काठी फिरवायची आणि मी वास घेऊन बघायचे. एकदा तिने सांगितलं, "दोन डबे कमी झाले, बाई." ती दोन मुलं म्हणाली होती की रोज पोळी वेगळीच असते, आणि त्यांनी स्टेशनपाशी खाणावळ लावली. मी म्हटलं, "अरेरे." यापेक्षा बरा शब्द मला सापडला नाही. तोंडाशी आलेलं मी गिळलं. असं मी त्या दिवसांत बऱ्याचदा गिळलं. एवढी मी पोरांवर ओरडले, एवढ्या पोरांना खरं बोलायला लावलं आयुष्यभर, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मला पातेलं दाराशी कोणी ठेवलं हा प्रश्नसुद्धा विचारवत नव्हता.

चौथ्या रविवारी शेगडी पेटली. निळा, सरळ जाळ. चहा ठेवला गेला. लोकांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, पण सगळे एकेकदा खोलीच्या दाराशी जाऊन जाळ बघून आले. मग सतरंजीवर बसल्यावर सेक्रेटरींनी खिशातून कागद काढला. म्हणाले, "आता हे परत होऊ नये म्हणून दुसऱ्या मजल्याला लेखी समज द्यावी असं काही जणांचं म्हणणं आहे. बाई, मसुदा तुम्ही बघा, तुमचं मराठी चांगलं."

कागद माझ्या हातात होता. हस्ताक्षर सुंदर होतं.

"समज मला द्या," मी म्हटलं. "टाकीत मी घातलं होतं. ह्याच्या श्राद्धाचं उरलेलं. तीन पातेली."

 सेक्रेटरींच्या बायकोने माझ्यापुढे माठाची एक जुडी सरकवली, आणि मी ती निवडायला घेतली. सेक्रेटरी थोड्या वेळाने म्हणाले, "चहा गार होतोय." मी चहा न घेता दुसऱ्या मजल्यावर गेले. त्या मुलीने दार उघडलं, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके, बाई." आत या म्हणाली नाही. तिचं बरोबरच होतं.

खाली आले तोवर सतरंज्या उचललेल्या होत्या. वॉचमनची बायको खोलीच्या उंबऱ्यात बसून विळीवर कांदा चिरत होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्या पायरीवर कधी बसले नव्हते.

"तुझे दोन डबे माझ्यामुळे गेले," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"डबे मिळतील, बाई."

"तुला माहीत होतं ना?"

"पातेलं मीच घासलेलं ना. आणि टाकीच्या तोंडाशी वडे अडकलेले, ते काठीने ढकलले."

"मग बोलली का नाहीस? दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोघांना मी नको ते बोलले, तुझं रोज नुकसान होत होतं."

तिने चिरलेला कांदा ताटात सारला आणि दुसरा घेतला. "टाकीचं काय नाही वाटलं मला. टाकी बिघडते, नीट होते." मग ती म्हणाली, "आमच्या गावाला म्हाळ असला की सगळी वाडी जेवायला असते. त्या दिवशी सकाळपासून वड्यांचा वास खाली येत होता. मी यांना म्हटलं, काकांचं वर्ष आहे, बाईंची हाक येईल. रविवारी डबे पण नसतात. मी दुपारचं काही केलंच नव्हतं. पोरांना हातपाय धुऊन बसवलेलं. मग तुम्ही पातेलं घेऊन खाली येताना दिसलात, तशी मी ताटं काढायला उठले. तुम्ही टाकीकडे गेलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देता येतं मला.  शेजारी देत नाहीत, लोक कचरतात, हे सगळं मी तिला सांगणार होते, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. तिला दिलं असतं का, नसतं का, इथपर्यंत मी त्या दिवशी पोचलेच नव्हते. पातेलं घेऊन मी तिच्या दारावरून तीनदा गेले आणि तीनदा परत आले.

"मला सुचलंच नाही गं," मी म्हटलं.

"हो बाई," ती म्हणाली. "तेच म्हणते मी."